सदाफुली, हळद आणि केमो : कॅन्सरवरच्या ‘नॅचरल’ उपचारांचं काय करायचं?

विरार फास्टच्या गर्दीत ज्यांना इअरफोन लावणंही जमत नाही, त्यांच्यासाठी या भागाचा हा लिखित मजकूर.

विषय एका श्रोत्याच्या व्हॉइस नोटवरून आला. मुलगा नालासोपाऱ्याचा. मावशीला स्तनाचा कॅन्सर निघालाय, गाठ लहान आहे, ऑपरेशनची तारीख मिळालीय. आणि घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चाललंय की केमो म्हणजे विष, आधी तीन महिने नॅचरल करून बघू. त्याचा प्रश्न असा, की झाडपाल्यात खरंच काहीच नसतं का?

असतं ना! वसईतल्या कितीतरी अंगणांत सदाफुली आहे. ही वनस्पती काही देशांत मधुमेहावर घरगुती काढा म्हणून वापरायचे. १९५० च्या दशकात कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बिअर यांनी तो गुण तपासायला घेतला. साखर काही उतरली नाही, पण उंदरांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी धडाधड कमी झाल्या. आता रक्ताच्या कॅन्सरमध्ये पांढऱ्या पेशीच तर बेसुमार वाढतात. त्या धाग्यावरून व्हिनब्लास्टिन आणि पुढे व्हिन्क्रिस्टिन ही औषधं आली. लहान मुलांच्या ल्युकेमियात व्हिन्क्रिस्टिन आजही देतात. म्हणजे ज्याला आपण ‘केमो’ म्हणून घाबरतो, त्यातलं एक औषध सदाफुलीचंच आहे.

आपल्या सह्याद्रीतला नरक्या बघा. त्यात कॅम्प्टोथेसिन असतं, आणि त्यापासून आतड्याच्या आणि बीजांडकोशाच्या कॅन्सरवरची औषधं बनतात. या मागणीपायी नरक्याची चोरटी तोडही झाली, तो वेगळाच विषय.

मग पानंच चावून खाल्ली तर? इथेच गडबड आहे. पानात हे द्रव्य अगदी कणभर असतं, आणि सोबत इतर डझनावारी द्रव्यं. कुठल्या पानात किती, कोणालाच सांगता येत नाही. व्हिन्क्रिस्टिनचा डोस मिलिग्रॅममध्ये मोजतात, प्रौढ माणसाला एका वेळी साधारण २ मिलिग्रॅमच्या वर सहसा जात नाहीत, कारण जास्त झालं की नसा खराब होतात. ते फक्त शिरेतून देतात. पाला खाऊन कॅन्सर मरण्याइतकं औषध मिळत नाही, त्रास मात्र होऊ शकतो.

हळदीची गोष्ट जरा निराळी. प्रयोगशाळेतल्या बशीत कर्क्युमिन कॅन्सरच्या पेशी मारतं, हे खरं. पण बशीत पेशी काय, ब्लीचनेही मरतात! पोटात गेलेलं कर्क्युमिन रक्तात जेमतेम उतरतं. जेवणातल्या हळदीला कोणी नाही म्हणत नाही. कॅप्सूल घेताना मात्र जपा, काहींच्या यकृताला त्यांनी इजा झालेली आहे.

नोव्हेंबर २०२४ आठवतोय? नवज्योतसिंग सिद्धू यांनी पत्नीच्या कॅन्सरबद्दल बोलताना कडुनिंब, हळद, लिंबूपाणी असा आहार सांगितला आणि क्लिप घराघरांत पोहोचली. त्यांच्या पत्नीचं ऑपरेशन आणि केमो झाली होती, हे मात्र फॉरवर्ड करताना गळून पडलं. तेव्हा टाटा मेमोरियलच्या आजी-माजी २६२ डॉक्टरांनी सही करून सांगितलं, की सिद्ध न झालेल्या उपायांपायी उपचार लांबवू नका.

लांबवल्याने काय होतं? २०१८ मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या संशोधकांनी, कॅन्सर शरीरात दूर पसरलेला नव्हता अशाच रुग्णांचा अभ्यास केला. फक्त पर्यायी उपचार घेतलेल्यांत मृत्यूचा धोका अडीचपट होता. स्तनाच्या कॅन्सरमध्ये तर पाचपटीहून जास्त. याच कॅन्सरमध्ये वेळेवरच्या ऑपरेशनचा फायदा मोठा असतो, म्हणून फरकही तिथेच मोठा. त्या मुलाला मी हाच आकडा पाठवला आणि म्हटलं, मावशीशी भांडू नकोस. तिला भीती केमोची आहे, तर ती भीती डॉक्टरांसमोर बोलून दाखवायला तू सोबत जा. सगळ्यांना केमो लागतेच असंही नाही, ते तपासणीच्या रिपोर्टवर ठरतं.

योगासनांनी थकवा कमी होतो, झोप सुधारते. मळमळीला आल्याचा तुकडा काहींना बरा वाटतो. हे सगळं उपचाराच्या जोडीला चालतं, डॉक्टरांना विचारून. गाठ त्याने विरघळत नाही.

पैशाची अडचण असेल तर आधी महात्मा फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करा. कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंतचं कव्हर आहे, कॅन्सरचं ऑपरेशन, केमो, रेडिएशन त्यात येतं. रेशन कार्ड आणि आधार सोबत ठेवा, आणि योजनेच्या हॉस्पिटलात आरोग्यमित्राचं टेबल शोधा. परळला टाटाला जायचं तर दादरला उतरून स्लो लोकलने प्रभादेवी, तिथून पूल ओलांडून पूर्वेला.

आणि घरात काढा, भस्म, पावडर जे काही चालू असेल, त्याच्या डब्यांचे लेबलसकट फोटो फोनमध्ये काढून ठेवा. ओपीडीत न लाजता दाखवा. काही भस्मांत शिसं, पारा निघतो, आणि काही वनस्पतींमुळे केमोच्या औषधाचा परिणाम कमी-जास्त होतो. डॉक्टर रागावतील म्हणून हे लपवू नका.