मार्गदर्शक असावा तर असा!

दहावी-बारावीचा निकाल लागला की आपल्या वस्तीत सल्ला देणाऱ्यांना तोटा नसतो. "पोराला इंजिनियर करा", "पोरीला नर्सिंगला घाला" असे सांगून जो तो आपल्या कामाला लागतो. पण फॉर्म भरायला सोबत कोण येतो? ज्या घरातले पहिलेच मूल कॉलेजची पायरी चढते आहे, त्या घराला नुसत्या सल्ल्याचा काय उपयोग?

खरा मार्गदर्शक कसा असतो, हे बाबासाहेबांच्या विद्यार्थिदशेत पाहावे. शाळा सुटल्यावर मुंबईत चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणारे भीमराव कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींच्या नजरेस पडले. केळुसकर विल्सन हायस्कूलचे शिक्षक, भीमराव एल्फिन्स्टन हायस्कूलचे विद्यार्थी. ना शाळा एक, ना जात एक. तरी त्यांनी आपुलकीने चौकशी केली, वाचायला पुस्तके दिली. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. पुढे रामजीबाबांना कॉलेजचा खर्च झेपेना. तेव्हा केळुसकरांनी सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. १९१२ साली भीमराव बी. ए. झाले.

अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात प्रा. सेलिग्मन भेटले. १९१६ साली बाबासाहेब लंडनला निघाले तेव्हा त्यांनी सिडनी वेब यांच्या नावे परिचयपत्र दिले. विद्यार्थ्याला आपल्याजवळ अडकवून न ठेवता पुढच्या दारापर्यंत पोहोचवले.

यावरून पालकांनी पारख करावी. जो मुलाचे आधी ऐकून घेतो, त्याच्या आवडीचे पुस्तक हाती देतो, अडचणीच्या वेळी स्वतः चार पावले चालतो आणि "माझ्यामुळे शिकला" असे गावभर सांगत नाही, तो खरा मार्गदर्शक. ज्याला मुलाने प्रश्न विचारलेला खपत नाही, त्याच्यापासून लांबच राहावे.

आज जात पडताळणीचा दाखला वेळेत न मिळाल्याने किंवा शिष्यवृत्तीच्या ऑनलाईन अर्जाची मुदत हुकल्याने हुशार मुलांचे नुकसान होते. म्हणून शिकून नोकरीला लागलेल्या भावा-बहिणींनो, रविवारचे दोन तास विहारात बसा. एका मुलाचे, एका मुलीचे कागद स्वतः तपासा, सोबत कचेरीत जा. केळुसकर गुरुजींनी एका विद्यार्थ्याकडे लक्ष दिले होते. तेवढे तर आपल्यालाही जमेल.