अलॉटमेंटमधील औषधी व सुगंधी वनस्पतींची बाग

अलॉटमेंटमधील औषधी व सुगंधी वनस्पतींची बाग म्हणजे भाड्याने घेतलेल्या लागवडीच्या तुकड्यावर स्वयंपाकात किंवा घरगुती उपयोगात येणाऱ्या वनस्पतींसाठी राखून ठेवलेली जागा होय. अलॉटमेंटची पद्धत ब्रिटनमध्ये विशेष रूढ आहे. अशा बागेत बहुवर्षायू वनस्पती अनेक वर्षे एकाच जागी राहतात. भाजीपाल्याप्रमाणे त्यांची जागा दरवर्षी बदलता येत नाही, म्हणून लागवडीपूर्वीचे नियोजन महत्त्वाचे ठरते.

कायदेशीर पार्श्वभूमी

इंग्लंड व वेल्समध्ये १९०८ च्या कायद्याने मागणी असल्यास अलॉटमेंट उपलब्ध करून देण्याची जबाबदारी स्थानिक परिषदांवर सोपवली. पारंपरिक तुकडा १० चौरस रॉडचा, म्हणजे सुमारे २५० चौरस मीटर किंवा अडीच गुंठ्यांचा असतो. १९२२ च्या कायद्यातील व्याख्येनुसार अशी जागा पूर्णतः किंवा मुख्यतः स्वतःच्या व कुटुंबाच्या वापरासाठी भाज्या वा फळे पिकविण्याकरिता असते. या व्याख्येत औषधी वनस्पतींचा स्वतंत्र उल्लेख नाही. त्यामुळे संपूर्ण तुकडा त्यांना देण्यापूर्वी भाडेकरारातील अटी पाहणे आवश्यक असते.

जागेची आखणी

वनस्पतींची मांडणी उपयोगानुसार करण्यापेक्षा ऊन व पाण्याच्या गरजेनुसार करणे हिताचे असते. रोझमेरी, थाईम, सेज व लॅव्हेंडर या भूमध्य सागरी प्रदेशातील वनस्पतींना भरपूर ऊन आणि पाण्याचा उत्तम निचरा लागतो. ब्रिटनमधील हिवाळ्यात त्यांना थंडीइतकाच मुळांशी साचलेल्या पाण्यापासूनही धोका असतो. चिकणमातीच्या जमिनीत त्यांच्यासाठी जाड वाळू किंवा बारीक खडी मिसळून उंच गादीवाफे करतात. याउलट पार्सली, चाइव्ह्ज व पुदिना यांना ओलावा धरून ठेवणारी, कुजलेले खत घातलेली जमीन मानवते. दुपारची थोडी सावलीही त्यांना चालते.

उत्तर गोलार्धात सावली उत्तरेकडे पडते. म्हणून दीड-दोन मीटर उंच वाढणारी बडीशेप वाफ्याच्या उत्तर बाजूस आणि थाईमसारख्या बुटक्या वनस्पती दक्षिणेस लावतात. वाफ्याची रुंदी सुमारे १.२ मीटर ठेवल्यास दोन्ही बाजूंनी हात पोहोचतो आणि माती पायांखाली दाबली जात नाही.

आयुर्मान व प्रसार

कोथिंबीर व शेपू ही वर्षायू, पार्सली द्विवर्षायू, तर थाईम, सेज व चाइव्ह्ज बहुवर्षायू आहेत. बहुवर्षायू वनस्पतींचा वाफा वेगळा ठेवल्यास वर्षायूंसाठी माती खणताना त्यांची मुळे दुखावत नाहीत. उन्हाळ्यातील मोठ्या दिवसांत व उष्णतेत कोथिंबीर लवकर फुलोऱ्यावर येते. म्हणून दर तीन-चार आठवड्यांनी थोडे थोडे बी जागेवरच पेरतात. पुदिना जमिनीखालील धावत्या खोडांनी पसरतो आणि शेजारच्या तुकड्यातही शिरतो. त्यामुळे तो तळ काढलेल्या बादलीत लावून बादली मातीत पुरतात व तिची कड जमिनीच्या थोडी वर ठेवतात. तुळशीला ब्रिटनमधील हिवाळा सोसत नाही. ती उन्हाळ्यापुरती बाहेर ठेवावी लागते किंवा घरात कुंडीत वाढवतात.

सुरक्षितता

फुले येण्यापूर्वी विषारी फॉक्सग्लोव्हची पाने कॉम्फ्रीच्या पानांसारखी दिसतात व या गल्लतीतून विषबाधा झाल्याची उदाहरणे आहेत. फॉक्सग्लोव्हमधील द्रव्ये हृदयाच्या गतीवर परिणाम करतात. विल्यम विदरिंग यांनी १७८५ मध्ये या वनस्पतीच्या औषधी वापरावर ग्रंथ प्रसिद्ध केला. मात्र औषधी मात्रा व घातक मात्रा यांतील अंतर अल्प असल्याने तिचा घरगुती वापर धोक्याचा आहे. स्वतः कॉम्फ्रीमध्येही यकृतास अपायकारक अल्कलॉइड असतात. त्यामुळे तिची पाने पोटात न घेता खतासाठी वापरतात. प्रत्येक रोपाजवळ टिकाऊ नामपट्टी लावणे आणि खाण्याच्या वनस्पतींच्या वाफ्यात विषारी शोभेची रोपे न लावणे हा या बागेच्या आखणीचाच भाग होय.