थोड्या मुक्कामात जुनं शहर कसं पाहावं : नगरचा एक अनुभव

गेल्या खेपेचं व्याख्यान संपल्यावर एका श्रोत्यांनी आम्हाला गाठलं. म्हणाले, "सर, मुलगी सहा आठवड्यांच्या कोर्सला युरोपात चालली आहे. सुट्टीच्या दिवशी ऐतिहासिक शहरं बघणार म्हणते. काय काय बघावं, जरा यादी द्या की." यादी काही आम्ही दिली नाही. ती हल्ली प्रत्येकाच्या फोनमध्ये असते आणि आमच्यापेक्षा बरी असते. पण त्यांच्या प्रश्नामागचा प्रश्न डोक्यात राहिला. चार दिवसांच्या मुक्कामात जुनं शहर कळतं का? की नुसतं दिसतं?

आम्हाला याचं उत्तर परदेशात नव्हे, आपल्या नगरमध्येच सापडलं. तेही पाहुणे म्हणून नाही, यजमान म्हणून.

आपल्याकडे थोड्या मुदतीसाठी शिकायला येणारे परदेशी विद्यार्थी नवे नाहीत. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज ही संस्था १९६१ साली स्थापन झाली, तेव्हा तिचं मुख्य ठाणंच पुण्याच्या डेक्कन कॉलेजात होतं. पुण्यात राहून मराठी शिकायची आणि सवड मिळेल तशी आसपासची गावं पाहायची, अशी ही मुलं. त्यांचा रिवाज ठरलेला. वेरूळ, अजिंठा, रायगड. नगर मध्ये लागतं, पण तिथे गाडी चहापुरती थांबते. काही वर्षांपूर्वी अशा सहा जणांचा गट तीन दिवस नगरला मुक्कामी राहिला आणि एका मित्राच्या आग्रहामुळे त्यांना गाव दाखवायचं काम आमच्याकडे आलं.

आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, इतिहास नाही. त्यामुळे तयारी म्हणून आम्हाला न्यायशास्त्रच आठवलं. ज्ञान कशाने होतं? प्रत्यक्षाने, अनुमानाने, उपमानाने आणि शब्दाने. ही चार प्रमाणं. म्हटलं, बघू या, नगर पाहताना यातलं कोण किती उपयोगी पडतं.

सुरुवात शब्दाने झाली, म्हणजे आमच्या बडबडीने. १४९० साली मलिक अहमदने भिंगारजवळ बहमनी फौजेचा पराभव केला आणि निजामशाही उभी राहिली, त्याच्याच नावाने हे शहर वसलं, वगैरे. आता शहराचं अधिकृत नाव अहिल्यानगर आहे. २०२४ मध्ये ते बदललं, जामखेड तालुक्यातल्या चौंडीत जन्मलेल्या अहिल्याबाई होळकरांच्या नावावरून. बोलताना लोक अजूनही 'नगर'च म्हणतात. पाहुण्याने एवढं लक्षात ठेवावं की कागदावर, जुन्या पुस्तकात आणि रिक्षावाल्याच्या तोंडी एकाच गावाची तीन नावं भेटू शकतात.

पहिल्याच दिवशी संध्याकाळी आम्ही त्यांना पाथर्डीच्या रस्त्याने डोंगरावर नेलं. वरची ती तीन मजली अष्टकोनी इमारत तुम्हाला माहीत आहे. आम्ही हात करून मोठ्या रुबाबात सांगितलं, "हा चांदबीबी महाल." मग चांदबीबीची गोष्ट सांगितली. १५९५-९६ मध्ये मोगलांनी किल्ल्याला वेढा घातला, सुरुंगाने तट फोडला, आणि या बाईने किल्ला लढवला. १६०० साली तिच्याच लोकांनी संशयावरून तिला मारलं आणि किल्ला पडला. मुलं ऐकत होती. त्यांच्यातली एक मुलगी खाली तळघरात जाऊन आली आणि शिकलेल्या मराठीत, शब्द जुळवत म्हणाली, "सर, महालात कबर का आहे?"

आता काय सांगणार? ती वास्तू चांदबीबीची नाही, सलाबतखानाची आहे, हे आम्हाला ठाऊक होतं. मुर्तझा निजामशहाचा हा मंत्री १५८९ मध्ये वारला आणि ती त्याची कबर आहे. पण लहानपणापासून तोंडात बसलेलं नाव आधी बाहेर पडलं. खोटं बोलायचा हेतू अजिबात नव्हता. शब्दप्रमाणात बोलणारा 'आप्त' हवा, म्हणजे विषय जाणणारा आणि जसं आहे तसं सांगणारा. आम्ही पहिल्या अटीत बसत होतो, दुसरीत त्या संध्याकाळी नापास झालो. आणि नापास केलं कोणी, तर जिला गावात येऊन सहा तास झाले होते तिने. तिच्या कानावर ते नाव आधी कधी पडलेलंच नव्हतं, म्हणून तिला कबर दिसली. आम्हाला इतकी वर्षं महाल दिसत होता.

चूक कबूल केली. त्यानंतर मात्र मुलं आमच्या प्रत्येक वाक्याला "हे नक्की का?" म्हणू लागली. जरा त्रासच झाला, खरं सांगायचं तर.

उपमानाचं तसंच. इतिहासकार फिरिश्ता लिहितो की हे नवं शहर दोन-तीन वर्षांत बगदाद आणि कैरोच्या तोडीचं झालं. हे वाक्य नगरमध्ये अभिमानाने सांगतात. पण सांगणारा कोण, तेही पाहू या. फिरिश्ता हा कास्पियन समुद्राकाठच्या अस्त्राबादचा. लहानपणी वडिलांबरोबर नगरला आला, राजपुत्राला शिकवायला वडिलांना नेमलं होतं. म्हणजे तोही एका अर्थी परदेशातून शिकायला आलेलं पोरच. १५८९ च्या धामधुमीनंतर तो विजापूरला गेला. शहर वसलं तेव्हा त्याचा जन्मही झालेला नव्हता. म्हणून ते वाक्य टाकून द्यायचं असं नाही, पण ऐकीव आहे हे धरून वाचायचं. फराहबाग पाहून शहाजहानला ताजमहाल सुचला, असंही आपल्याकडे छातीठोकपणे सांगतात. त्या मुलांनी पुरावा विचारला. आमच्याकडे नव्हता.

पण खरी गंमत फराहबागेतच झाली. शहराच्या आग्नेयेला, उघड्या माळावर ती मोठी अष्टकोनी इमारत उभी आहे. १५८३ मध्ये पुरी झाली. पडझड झालेली, आत वटवाघळं, भोवती गवत. पाचेक मिनिटं फोटो काढून झाले. मग तीच मुलगी इमारतीभोवती चालत राहिली आणि परत येऊन म्हणाली, "सर, हे तळं होतं ना? मग पाणी कुठून आलं?"

बघा मंडळी, डोंगरावर धूर दिसला की तिथे विस्तव असणार, हे अनुमानाचं पाठातलं उदाहरण आम्ही हजार वेळा फळ्यावर लिहिलं असेल. इथे समोर कोरडा खोलगट भाग होता आणि मधोमध महाल होता. जवळ नदी नाही. पाऊस तर आपल्या नगरचा, दुष्काळाचं माहेरघर. तेव्हा पाणी आणलेलं असणार. कुठून, कसं? चाळीस वर्षं त्या गावात काढून हा प्रश्न आम्हाला पडला नव्हता.

खापरी नळ हा शब्द आम्ही ऐकून होतो, एवढंच. दुसऱ्या दिवसाचा ठरलेला कार्यक्रम आम्ही मोडला. रणगाड्यांचं संग्रहालय राहिलं, दमडी मशिदीचं कोरीवकाम धावत पाहिलं, आणि मुलांना घेऊन पाण्याच्या मागे लागलो. नगरभोवतीच्या उंचावरच्या गावांकडून, कापूरवाडीसारख्या ठिकाणांहून, जमिनीखालून शहरात पाणी आणलेलं होतं. भाजलेल्या मातीचे नळ एकात एक बसवायचे, भोवती चुन्याचं बांधकाम करायचं, आणि सगळा मार्ग अगदी बेताच्या उताराने न्यायचा. ना मोट, ना पंप. मध्ये मध्ये उच्छ्वास बांधायचे, म्हणजे नळात कोंडलेली हवा आणि दाब मोकळा होतो. शेवटी शहरातल्या हौदांत पाणी पडायचं. डोंगरातलं पाणी भुयारातून आणायची विद्या इराणात जुनी, आणि निजामशाही दरबारात इराणहून आलेली माणसं पुष्कळ. शाह ताहिर तर बुऱ्हाण निजामशहाचा सल्लागारच होता. पुढे निजामशाहीचाच वजीर मलिक अंबर याने आजच्या छत्रपती संभाजीनगरला अशीच नहर नेली.

या एका प्रश्नाने त्या मुलांना शहर जोडून दिलं. कोटला, फराहबाग, पेठेतले हौद, भिंगारचा रस्ता हे वेगवेगळे 'पॉइंट' राहिले नाहीत. आमच्यासाठीही नाही.

किल्ल्यात जाताना अडचण आली. तो लष्कराच्या ताब्यात आहे, ओळखपत्र लागतं, आणि परदेशी पासपोर्ट असेल तर आधीच चौकशी केलेली बरी. आम्ही केली नव्हती. दारातूनच खंदक पाहून परतावं लागलं, मुलं हिरमुसली. तेव्हा त्यांना सांगितलं, १९४२ च्या ऑगस्टपासून १९४५ च्या मार्चपर्यंत नेहरू याच किल्ल्यात कैदेत होते. 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' इथेच लिहिलं, १९४४ मध्ये, पाच महिन्यांत. ते आत होते आणि त्यांना बाहेरचं शहर पाहता येत नव्हतं. बागेसाठी माती खणताना जुन्या भिंतींचे अवशेष लागले, ते मात्र त्यांनी लिहून ठेवलं आहे. तेवढंच त्यांना नगर दिसलं.

तर त्या श्रोत्यांच्या मुलीला आमचं सांगणं एवढंच. सहा आठवड्यांत सहा शहरं केलीस तरी हरकत नाही, तरुण वय आहे, फीर. पण त्यातल्या एका शहरात दोनदा जा. पहिल्यांदा यादी घेऊन जा, दुसऱ्यांदा पहिल्या भेटीत पडलेला एक प्रश्न घेऊन. पाणी कुठून येत होतं, दगड कुठला, भाकरी कोण भाजत होतं, कसलाही चालेल. आणि तिथला कोणी म्हातारा आमच्यासारखं ठासून काही सांगू लागला, तर ऐकून घे, मग तळघरात जाऊन ये.

आमच्या पाहुण्या मुलीने जाताना एक हाताने काढलेला नकाशा दिला. तो आमच्या टेबलाच्या काचेखाली आहे. फराहबागेपासून पेन्सिलची रेघ निघते, पाण्याच्या उलट्या दिशेने, आणि भिंगारच्या पुढे थोडं जाऊन थांबते, कारण तिसऱ्या दिवशी दुपारची त्यांची गाडी होती. पुढची रेघ काढायला आम्ही दोन हिवाळे हिंडलो. गुडघे साथ देतील तसं. अजून पुरी झालेली नाही.