कबड्डीतली चढाई : तीस सेकंद आणि मधली उसंत

पुरुषांच्या कबड्डीचं मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद. महिलांचं १२ बाय ८. पुरुषांच्या मैदानात मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवर निदान रेषा असते, तिच्यापुढे एक मीटरवर बोनस रेषा आणि तिथून अंतिम रेषेपर्यंत पावणेदोन मीटर उरतात. एवढ्याशा जागेत समोर सात गडी उभे. चढाईपटूने ‘कबड्डी, कबड्डी’ हा घोष न तोडता आत शिरायचं, कुणाला तरी शिवायचं किंवा निदान रेषा तरी ओलांडायची आणि ३० सेकंदांच्या आत आपल्या हद्दीत परतायचं. शारीरिक शिक्षणाच्या पुस्तकात श्वसन, ऊर्जा, प्रतिक्रिया, सांधे, सराव अशी निरनिराळी प्रकरणं असतात. चढाईत ती अर्ध्या मिनिटात एकत्र येतात. ती एकेक करून पाहू.

दम कशाने कोंडतो?

घोष चालू असताना चढाईपटू सावकाश श्वास सोडत असतो, कारण आवाज उच्छ्वासावरच निघतो. तिकडे राबणाऱ्या स्नायूंत कार्बन डायऑक्साइड तयार होतच राहतो आणि तो त्याच वेगाने बाहेर पडत नाही. रक्तातलं त्याचं प्रमाण वाढलं की मेंदूच्या तळाशी आणि मानेतल्या रोहिणीपाशी असलेल्या संवेदी पेशी ते टिपतात आणि ‘श्वास घे’ असा तगादा लावतात. जीव कासावीस होतो तो मुख्यतः या तगाद्याने. रक्तातला ऑक्सिजन त्या क्षणी संपलेला नसतो.

चढाईला निघण्याआधी काही मुलं भराभर, जोरजोरात श्वास घेतात. त्याचा उपयोग फारसा होत नाही. निरोगी माणसाच्या रक्तात ऑक्सिजन आधीच ९५ टक्क्यांच्या वर भरलेला असतो. भराभर श्वासाने कार्बन डायऑक्साइड मात्र गरजेपेक्षा खाली जातो, डोकं हलकं होतं, कधी चक्करही येते. पोटापासून घेतलेले दोन-तीन सावकाश श्वास पुरतात. घोषही पंचांना स्पष्ट ऐकू जाईल इतपत, पण एका लयीत असावा. सुरुवातीलाच ओरडलं की हवा तिथेच खर्च होते.

ताकद कुठून येते?

स्नायूचं प्रत्येक आकुंचन एटीपी नावाच्या रेणूवर चालतं. त्याचा तयार साठा पूर्ण जोर लावला तर जेमतेम दोन-तीन सेकंद पुरतो. तो भरून काढायचे शरीराकडे तीन मार्ग आहेत. पहिला फॉस्फोक्रिएटिनचा : अतिशय जलद, पण साधारण दहा सेकंदांत ओसरणारा. दुसरा साखर ऑक्सिजनशिवाय फोडण्याचा : त्याचा मुख्य भार दहा सेकंदांनंतर मिनिट-दीड मिनिटापर्यंत असतो, आणि त्या काळात स्नायूंतली आम्लता वाढून मांड्या भरून येतात. तिसरा ऑक्सिजन वापरून साखर आणि चरबी जाळण्याचा : संथ, पण तासन् तास चालणारा. तिन्ही मार्ग एकाच वेळी चालू असतात. कामाचा जोर बदलेल तसा त्यांचा वाटा बदलतो.

आता एक चढाई डोळ्यांसमोर आणा. पहिली पंधरा-वीस सेकंदं चढाईपटू डावीकडून उजवीकडे सरकत बचाव चाचपत असतो. हे काम मध्यम जोराचं. मग एकदम हात किंवा पाय टाकून दोन-तीन सेकंदांत परतायचं, किंवा घोटा पकडला गेला तर अंगावर दोन-तीन गडी घेऊन मध्यरेषेकडे झेप घ्यायची. चढाईचा निकाल या चार-पाच सेकंदांत लागतो आणि ती मुख्यतः फॉस्फोक्रिएटिनवर निभावतात. प्रो कबड्डीत लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण घ्यावाच लागतो. तिथे चाचपणीत वेळ घालवता येत नाही, म्हणून ती अंगाला जास्त महागात पडते.

दोन चढायांच्या मध्ये

खर्च झालेलं फॉस्फोक्रिएटिन साधारण अर्ध्या मिनिटात निम्मं भरून येतं. जवळजवळ पूर्ण भरायला तीन ते पाच मिनिटं लागतात. ते भरण्याचं काम तिसरा, ऑक्सिजनवाला मार्ग करतो. गच्चीवरची टाकी लहान असली तरी खालची मोटर दमदार असेल तर पाणी तुटत नाही, तसंच हे आहे.

सामन्याचा हिशेब मांडून पाहू. २० मिनिटांची दोन सत्रं, म्हणजे ४० मिनिटं. प्रत्येक चढाई पूर्ण ३० सेकंद चालली असं धरलं तर एकूण ८०, एका संघाच्या ४०. प्रमुख चढाईपटूने एक सोडून एक चढाई केली तर त्याच्या वाट्याला २० येतात आणि दोन चढायांमध्ये दीड मिनिट मिळतं. त्यातही साठ सेकंदं, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या दोन चढायांत, त्याला बचावात वाकून उभं राहावं लागतं. म्हणजे टाकी पूर्ण भरायच्या आत तो पुन्हा आत जातो. लागोपाठ चढाया कराव्या लागल्या तर मध्ये अर्धंच मिनिट उरतं. पूर्वार्धात वीज असलेला गडी उत्तरार्धात अर्ध्या पावलाने कमी पडतो, त्याचं एक मोठं कारण इथे आहे. शेवटच्या पाच मिनिटांतली चपळाई मधल्या उसंतीत शरीर किती लवकर सावरतं यावर ठरते.

फसवणूक आणि गुडघा

डोळ्यांनी पाहिलेल्या हालचालीला शरीराने उत्तर द्यायला साधारण एक पंचमांश सेकंद लागतो. सेकंदाला चार मीटर वेगाने सरकणारा चढाईपटू तेवढ्यात ८० सेंटिमीटर गेलेला असतो. म्हणून चांगला कोपरारक्षक पाय येण्याची वाट पाहत नाही. चढाईपटूची कंबर आणि खांदा कुठे वळतोय यावरून आधीच अंदाज बांधतो. हूल चालते ती याच कारणाने. बचावपटूचं शरीर एका दिशेला निघालं की ते थांबवून उलट वळवायला पुन्हा वेळ जातो.

ही दिशा बदलण्याची कला गुडघ्याला मात्र महाग पडू शकते. मातीवर पाऊल थोडं सरकतं. मॅटवर बूट घट्ट पकड घेतो, अंग वळतं आणि पाय जागीच राहतो. अशा वेळी गुडघा आत झुकला तर आतल्या अस्थिबंधाला इजा होण्याचा धोका वाढतो. वळताना गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत ठेवणं, कंबर खाली घेणं आणि एका पायावर उडी घेऊन स्थिर उतरणं या गोष्टी शिकवाव्या लागतात. त्यासाठी मांडीच्या मागच्या आणि नितंबाच्या स्नायूंत ताकद हवी. सरावाआधी दहा-पंधरा मिनिटं हलकी धाव, बाजूला सरकणं, पाय झुलवणं यांनी अंग तापवावं. एकाच जागी स्नायू बराच वेळ ताणून धरण्याचे प्रकार शेवटी करावेत, कारण लगेच आधी केले तर स्फोटक ताकद थोडी उतरते.

सराव कसा आखायचा?

उसंतीचं जे सूत्र दोन चढायांमध्ये लागू पडतं, तेच दोन सरावांमध्येही. सराव करताना शरीर दमतं; सुधारतं ते त्यानंतर, जेवण आणि झोपेच्या तासांत. नव्या प्रकारच्या कष्टांनंतर एक ते तीन दिवस अंग दुखतं, त्याचा दोष लॅक्टिक आम्लाला दिला जातो. ते तासाभरात रक्तातून जवळपास निवळलेलं असतं. दुखणं येतं स्नायूतंतूंना झालेल्या सूक्ष्म इजांमुळे, विशेषतः खाली बसताना किंवा वेग रोखताना स्नायू ताणला जात असताना जोर लावावा लागतो तेव्हा.

म्हणून आठवडा वाटून घ्यावा. पाच ते दहा सेकंदांच्या पूर्ण वेगाच्या धावा, मध्ये मिनिट-दीड मिनिट चालणं : हा जोराचा सराव. सलग अर्धा तास, बोलता येईल अशा गतीने धावणं : याने सावरण्याचा वेग वाढतो. तीस सेकंद पूर्ण जोराचे मोजके फेरे, मध्ये तीन-चार मिनिटं विश्रांती : हे आठवड्यातून एकदा पुरे. बैठका, लंजेस, दोरीवरून चढणं यांसाठी दोन दिवस, आणि त्यांच्यामध्ये निदान एक दिवस मोकळा. भार थोडाथोडा वाढवावा. पहिल्या काही आठवड्यांत ताकद वाढलेली जाणवते, पण दंड-मांड्या जाड होत नाहीत, कारण आधी मज्जासंस्था जास्त स्नायूतंतू एकदम कामाला लावायला शिकते. सराव सुटला की कमावलेलंही हळूहळू उतरतं.

क्रमही महत्त्वाचा. मैदानाला दहा फेऱ्या मारून मुलं दमली की मग पकडी शिकवायच्या, ही पद्धत अनेक ठिकाणी दिसते. दमलेलं शरीर नवं कौशल्य नीट शिकत नाही आणि चुकीची ठेवण अंगात मुरते. पकड, हूल, पदन्यास आधी, फेऱ्या नंतर.

सगळ्यांना खेळायला मिळावं म्हणून

कुमार-किशोर गटांत वजनाची मर्यादा असते. ती गाठण्यासाठी स्पर्धेआधी पाणी तोडणं, उपाशी राहणं हे प्रकार वाढत्या वयात घातकच. शरीराच्या वजनाच्या दोन टक्क्यांएवढं पाणी घटलं तरी दीर्घ श्रमांची क्षमता कमी होते. वजनात न बसणाऱ्या मुलाने वरच्या गटात खेळावं.

शाळेच्या तासाला चाळीस मुलं असतात. सात-सातचे दोन संघ उतरवले की सव्वीस मुलं रेषेबाहेर बघत बसतात, आणि आत असलेल्यांपैकीही चढाया दोघंच करतात. त्याऐवजी चुन्याने चार लहान मैदानं आखा आणि प्रत्येकात पाच-पाच मुलांचे दोन संघ उतरवा. चढाई क्रमाने प्रत्येकाने करायची, वेळ पंधरा सेकंदांचा. पाच जणांच्या क्रमात एकाची पाळी दोन-अडीच मिनिटांनी येते. तेवढ्या उसंतीत मूल सावरतं आणि पुढची चढाई पुन्हा पूर्ण जोराने करतं. शिट्टी आणि घड्याळ शिक्षकाकडे, गुण मोजायला आळीपाळीने मुलंच.