दुखतंय किती? दहापैकी सांगा

रावेर-यावलच्या केळीबागेत घड वाहणाऱ्याची कंबर ‘धरते’. वाकून कापूस वेचणाऱ्या बाईच्या पाठीत ‘उसण भरते’, गुडघा रात्रभर ‘ठणकतो’. मग जळगावच्या किंवा धुळ्याच्या दवाखान्यात डॉक्टर विचारतात, “शून्य म्हणजे दुखणं नाही, दहा म्हणजे असह्य. तुमचं किती?” आणि अहिराणीतून उत्तर येतं, “गंज दुखस!” म्हणजे खूप दुखतंय.

ताप थर्मामीटर सांगतो, वेदना मोजणारं यंत्र मात्र नाही. एक्स-रेमध्ये झिजलेला दिसणारा गुडघा कधी फारसा दुखत नाही, तर कधी किरकोळ झीजही चालू देत नाही. म्हणून रुग्णाचा शब्द हाच खरा पुरावा. तो शब्द पकडायला आकड्यांची पट्टी वापरतात, दहा सेंटिमीटरची रेघ वापरतात. रोनाल्ड मेलझॅक यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेली मॅकगिल प्रश्नावली वेदनेचा प्रकारही विचारते. ठणका वेगळा, कळ वेगळी, आग वेगळी. आग आणि मुंग्या असतील, तर नस दबल्याची शंका येते.

महाराष्ट्रात अशी दुखणी विचारून नोंदवण्याचं मोठं काम पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला झालं. १९९६ मध्ये डॉ. अरविंद चोप्रा यांच्या चमूने तिथे घरोघरी जाऊन चार हजारांहून अधिक प्रौढांची विचारपूस केली. दुखऱ्या जागा माणसाच्या चित्रावर नोंदवल्या. सुमारे १८ टक्के लोकांना हाडं, सांधे, स्नायूंची दुखणी निघाली.

प्रश्नही आपल्या जगण्यातले हवेत. गुडघ्यासाठी जगभर वापरली जाणारी वोमॅक ही २४ प्रश्नांची यादी कॅनडात तयार झाली. तिच्यात बाथटबमध्ये उतरण्याचा प्रश्न आहे. आपल्याकडे मांडी घालून जेवणं, उकिडवं बसणं महत्त्वाचं, म्हणून पुण्यात तिचं भारतीय रूप तयार केलं गेलं. शेतमजुराला आकड्यासोबत ‘कोणतं काम सुटलं?’ हेही विचारायलाच हवं.

एकदाच सांगितलेल्या आकड्याने फारसं कळत नाही. दोन आकड्यांमधला फरक बोलतो. दहाच्या पट्टीवर साधारण दोन अंकांनी किंवा तीस टक्क्यांनी वेदना उतरली, तर रुग्णाला आराम जाणवतो, असं २००१ च्या एका अभ्यासात दिसलं.

तेव्हा पुढच्या तपासणीआधी आठवडाभर वहीत लिहा: सकाळचा आकडा, रात्रीचा आकडा, दुखण्याची जागा, ठणका की मुंग्या, आणि अडलेलं काम. लिहिता येत नसेल, तर घरातल्या शाळकरी मुलाला लिहायला सांगा. ती वही डॉक्टरांसमोर ठेवा.