भांडारी बसवण्णांचे नाणे

बसवकल्याण तालुक्यातील राजेश्वरच्या बाजारात भाजीचा हिशेब चुकता करून उरलेली मोड तळहातावर घेतली, तर क्वचित तीत पाच रुपयांचे एक झिजके नाणे निघते : एका बाजूस अशोकस्तंभाचे सिंह, दुसऱ्या बाजूस महात्मा बसवेश्वरांची, म्हणजेच बसवण्णांची, प्रतिमा. भारत सरकारने २००६ साली ते पाडले. शंभराचेही काढले, परंतु ते संग्राहकांच्या पेटीकरिता.

ज्या पुरुषाने बाराव्या शतकात, परंपरा सांगते त्याप्रमाणे, मंगळवेढ्यास करणिकाची चाकरी करीत पुढे कल्याणास बिज्जळ राजाच्या खजिन्याची भांडारकी सांभाळली, त्याची मुद्रा नाण्यावर उमटावी, हे रीतसरच झाले. मात्र याच भांडाऱ्याच्या अनुभवमंटप नावाच्या धर्मसभेत चांभार हरळय्या आणि ब्राह्मण मधुवरस एका पंक्तीस आले, एकाच्या मुलाशी दुसऱ्याच्या मुलीचे लग्न लागले, आणि त्यापायी दोघाही व्याह्यांना देहान्त शासन होऊन शरणांची, म्हणजे त्याच्या अनुयायांची, दाणादाण उडाली.

समतेच्या अशाच एका लढवय्याचे नाणे दुसरीकडेही निघाले : अमेरिकेने २०१७ साली पाव डॉलरच्या नाण्यावर फ्रेडरिक डग्लसला मेजाशी बसविले आणि मागे वॉशिंग्टनमधील त्याचे जतन केलेले घर, सीडर हिल, कोरले. १८३८ साली दास्यातून पळालेल्या माणसाचे स्वतःच्या मालकीचे घर हीच केवढी साक्ष! अमेरिकेतील गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांस जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली, त्यामुळे ते घर आपल्यालाही अगदीच परके नव्हे. नाण्यावर इमारत असणे आमच्या मुलखाला नवे नाही. निजामी अमलातल्या हाली सिक्क्यावर चारमिनार होताच. बसवण्णांच्या नाण्यावर मात्र घर नाही, आणि ते नसणेच शोभते. कारण दफ्तरात मालमत्तेचे स्थावर आणि जंगम असे दोन भाग पडतात, त्यांतला मान बसवण्णांनी आपल्या वचनांत जंगमाला दिला, आणि नाणे हे जात्याच जंगम.

संग्राहकांच्या व्यवहारात ज्या नाण्याला कोणाचा हात लागला नाही, त्याची किंमत अधिक; हाताळलेल्या नाण्याचे उंचवटे, म्हणजे कपाळ, नाक, गाल, आधी झिजतात आणि मोल उतरते. परंतु शिवाशिव मोडू निघालेल्या माणसाचे नाणे अस्पर्शित राहण्यात कसली आली प्रतिष्ठा? राजेश्वरच्या भाजीवालीने ते न पाहताच पिशवीत टाकले. नाक पुसट झाले होते, पाच रुपये पुरे भरले.