कॉकपिटमधला मोबाईल: खासगी वैमानिकाने फोन आणि जीपीएसवर किती विसंबायचं?

अमेरिकेतल्या फ्लाइंग स्कूलमध्ये प्रवेश मिळाला की घरी सामानाची एक यादी येते. हेडसेट, लॉगबुक, छोटी टॉर्च, वारा आणि इंधनाचा हिशेब करायचा गोल गणक आणि त्यातच कुठेतरी आयपॅड. फीसाठी आधीच कर्ज काढलेलं असतं, कुणाचा प्लॉट विकलेला असतो. मग अब्बांचा प्रश्न ठरलेला: "विमानात एवढे मीटर असताना हा आयपॅड कशाला? पोरगं वर जाऊन गेम खेळणार का?"

प्रश्न चुकीचा नाही. आम्हीही सुरुवातीला असंच समजत होतो. पण ज्या विमानात मूल शिकणार आहे ते विमान कसं असतं, हे कळलं की गोष्ट वेगळी दिसते.

खासगी वैमानिकाचा परवाना म्हणजे पीपीएल. त्यासाठी अमेरिकेत किमान ४० तासांचं उड्डाण आणि १७ वर्षं वय लागतं. आपल्याकडे डीजीसीएचा नियमही जवळपास असाच आहे. शिकायला बहुतेक वेळा सेस्ना १७२ सारखं चार सीटचं, एका इंजिनाचं विमान मिळतं. यातली पुष्कळ विमानं शिकणाऱ्या मुलाच्या वयाच्या दुप्पट जुनी असतात. समोर गोल काटेवाले मीटर, वर एक होकायंत्र, बस्स. नकाशा दाखवणारा पडदा प्रत्येक विमानात असेलच असं नाही. पूर्वी वैमानिक मांडीवर कागदी नकाशा उलगडून खालची नदी, हायवे, रेल्वे रूळ ताडून बघायचे. एका छोट्या कॉकपिटमध्ये, एका हाताने विमान सांभाळत, तो नकाशा पुन्हा नीट घडी करणं हे स्वतंत्र कौशल्य होतं म्हणे!

आता तोच नकाशा टॅबलेटवर असतो आणि त्यावर आपलं विमान सरकताना दिसतं. फोरफ्लाइट हे अमेरिकेत सगळ्यात जास्त चालणारं ॲप २००७ मध्ये आलं. वर्षाची वर्गणी शंभर डॉलरच्या वर जाते. नकाशे मात्र तिथली एफएए ही संस्था फुकट उपलब्ध करून देते, पैसे घेतले जातात ते ॲपच्या सोयीचे.

फ्लाइट मोडमध्येही जीपीएस चालतं

इथे एक मोठा गैरसमज आहे. वर नेटवर्क नाही, मग जीपीएस कसं चालणार? जीपीएस म्हणजे मोबाईल टॉवर नव्हे. जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरणारे उपग्रह अचूक वेळेचे संदेश सोडत असतात. फोन ते फक्त ऐकतो, उलट काही पाठवत नाही. चार उपग्रह ऐकू आले की जागा आणि उंची दोन्ही काढता येतात. म्हणून फ्लाइट मोडमध्येही, सिमकार्ड नसतानाही जीपीएस चालतं. टॉवरची मदत नसेल तर पहिल्यांदा जागा सापडायला थोडा वेळ जास्त लागतो, एवढंच. नकाशा मात्र जमिनीवर, वायफायवर आधीच उतरवून घ्यावा लागतो. तो वर गेल्यावर मिळत नाही.

आपण ही सेवा इतकी सहज वापरतो, पण ती सर्वांना खुली होण्यामागे एक दुर्घटना आहे. १९८३ मध्ये कोरियन एअर लाइन्सचं प्रवासी विमान वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरलं आणि पाडलं गेलं, २६९ माणसं गेली. त्यानंतर अमेरिकेने जीपीएस नागरी वापरासाठीही देण्याचं जाहीर केलं. तरीही मे २००० पर्यंत नागरी सिग्नलमध्ये मुद्दाम चूक घातली जायची. जागा शंभर मीटरपर्यंत इकडेतिकडे दिसायची. ती चूक बंद झाली आणि मगच आजचा फोनमधला जीपीएस कामाचा झाला.

कायद्याचं म्हणाल तर दोन वेगळे नियम आहेत आणि लोक ते एकात मिसळतात. डोळ्यांनी बाहेर बघून, चांगल्या हवामानात केलेल्या खासगी उड्डाणात टॅबलेट किंवा हातातला जीपीएस वापरायला एफएएची मनाई नाही. ढगांतून, उपकरणांच्या आधाराने उडताना मात्र त्या वस्तूमुळे विमानाच्या यंत्रणेत अडथळा येत नाही, याची जबाबदारी वैमानिकावर येते. आणि हवेत असताना सेल्युलर नेटवर्कवरून फोन लावण्याला बंदी आहे ती दूरसंचार खात्याची, एफसीसीची. उंचावरचा एक फोन एकाच वेळी कितीतरी टॉवरना दिसतो आणि खालच्यांचे कॉल बिघडवतो, म्हणून.

खरेदीत आपल्या लोकांचे पैसे वाया जातात ती जागा आता सांगतो. फक्त वायफाय असलेल्या आयपॅडमध्ये जीपीएस नसतं! ते असतं सेल्युलर मॉडेलमध्ये, मग त्यात सिम घाला किंवा नका घालू. चार पैसे वाचवायला वायफायवाला घेतला तर वर नकाशा दिसेल, पण त्यावर विमान दिसणार नाही. घेऊन झालाच असेल तर तो बदलायची गरज नाही, ब्लूटूथने जोडायचा वेगळा जीपीएस रिसीव्हर मिळतो.

फोन जे सांगत नाही

किब्ला दाखवणारं ॲप आपल्यापैकी बहुतेकांनी वापरलंय. नव्या गावी लग्नाला गेलो, नमाजची वेळ झाली, फोन काढला. कधी बाण एकदम भलतीकडे जातो, मग कुणीतरी म्हणतं, "लोखंडी कपाटापासून बाजूला ये, फोन जरा आठच्या आकारात फिरव." याचं कारण असं की आपण कुठे आहोत ते जीपीएस सांगतं, पण फोनचं तोंड कुठे आहे ते त्यातला चुंबकीय सेन्सर सांगतो, आणि लोखंड जवळ आलं की तो फसतो.

विमानात नेमकं हेच लक्षात ठेवायचं. चहूबाजूंनी धातू, वायरी, हेडसेटमधले स्पीकर. म्हणून फोनच्या होकायंत्रावर भरवसा ठेवायचा नाही. ॲपमध्ये दिसणारी दिशा सहसा जीपीएसवरून काढलेली असते, म्हणजे विमान जमिनीवरून कुठे सरकतंय ती. आडवा वारा असेल तर विमानाचं नाक एकीकडे आणि सरकणं दुसरीकडे असतं.

वेगाचं प्रकरण याहून गंभीर आहे. जीपीएस सांगतं तो जमिनीवरचा वेग. विमान तरंगतं ते पंखांवरून वाहणाऱ्या हवेच्या वेगावर. समजा उतरण्याआधी पाठीमागून २० नॉटचा वारा आहे. फोनवर ७० दिसतंय, वैमानिक निवांत आहे. पण पंखांना मिळतायत फक्त ५०, आणि वळण घेताना एवढ्यावर असं विमान हवेतून खाली पडू शकतं. त्या क्षणी बघायचा तो पॅनेलवरचा एअरस्पीडचा काटा, फोन नाही.

उलट इंधनाच्या हिशेबात फोनचाच आकडा उपयोगी. १०० नॉटच्या विमानाला समोरून ३० नॉटचा वारा लागला तर १४० सागरी मैलांचं अंतर १ तास २४ मिनिटांऐवजी पूर्ण २ तासांवर जातं. हे लवकर कळलं तर वाटेत उतरून तेल भरता येतं.

उंचीचंही तसंच. कंट्रोलर आणि सगळी विमानं हवेच्या दाबावर चालणाऱ्या उंचीमापकाने उंची मोजतात. जीपीएसची उंची वेगळ्या हिशेबाची. दोन्हीत काहीशे फुटांचा फरक पडू शकतो, आणि दुसरं विमान ५०० फुटांवरून जात असेल तर तो फरक महाग पडेल.

हवामानाच्या चित्राबद्दल तर घरच्यांनीही मुलांना विचारत राहावं. छोटा रिसीव्हर लावला की टॅबलेटवर पावसाचे रंगीत ढग दिसतात. ते चित्र आत्ताचं वाटतं, पण ते आत्ताचं नसतं. अमेरिकेच्या अपघात तपास मंडळाने, एनटीएसबीने, २०१२ मध्ये इशारा दिला होता की पडद्यावर लिहिलेल्या वेळेपेक्षा खरी माहिती टोकाच्या वेळी १५ ते २० मिनिटांनी जुनी असू शकते. ३० नॉटने सरकणारं वादळ २० मिनिटांत १० सागरी मैल, म्हणजे साडेअठरा किलोमीटर पुढे गेलेलं असतं. फ्लोरिडात उन्हाळ्याच्या दुपारी ढग किती पटकन उभे राहतात हे तिथे शिकलेली मुलं सांगतात. त्या चित्रात दोन ढगांमधली फट शोधून घुसायचं नसतं. लांबून वळसा घालायचा, नाहीतर परत फिरायचं, यासाठी ते चित्र असतं.

बाकी अडचणी साध्या आहेत. आयपॅड ३५ अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनलेला आहे. ॲरिझोनात काचेखाली तो तापतो आणि "थंड होऊ द्या" म्हणत बंद पडतो, तेही नेमकं गरजेच्या वेळी. पोलराइज्ड गॉगल घातला तर पडदा काळा दिसू शकतो. म्हणून काही जण अजून गार्मिनच्या एराचे खास विमानासाठी केलेले हातातले जीपीएस ठेवतात. महाग आहेत, पण भर उन्हात वाचता येतात. ज्याच्याकडे एवढे पैसे नाहीत, त्याने खिशातल्या फोनवर तेच नकाशे उतरवून ठेवावेत आणि पॉवर बँक सोबत घ्यावी. एक बंद पडला तर दुसरा.

सगळ्यात मोठा धोका मात्र उपकरण बिघडण्याचा नाही, नजर खाली अडकण्याचा आहे. ३१ मे २०१४ च्या मध्यरात्रीनंतर कोलोरॅडोत डेन्व्हरजवळ एक सेस्ना १५० उड्डाणानंतर काही मिनिटांत कोसळलं. वैमानिक आणि सोबतचा प्रवासी दोघेही गेले. विमानात बसवलेल्या कॅमेऱ्यात आधीच्या फेऱ्यांचं चित्रण सापडलं. त्यात वैमानिक आणि प्रवासी फोनवर सेल्फी घेत होते, रात्रीच्या उड्डाणात फ्लॅशसुद्धा वापरला होता. शेवटच्या फेरीचं चित्रण नव्हतं, पण फोनमुळे लक्ष विचलित होऊन दिशेचं भान सुटलं असण्याची शक्यता एनटीएसबीने नोंदवली. विमान जुनं होतं का, इंजिन बंद पडलं का, हे प्रश्न आपण आधी विचारतो. इथे कारण खिशातलं निघालं.

हाच पडदा जीवही वाचवू शकतो, हेही सांगितलं पाहिजे. इंजिन धडधडायला लागलं, अनोळखी मुलूख आहे, तर एका बटणावर सर्वात जवळची धावपट्टी, तिची दिशा आणि अंतर मिळतं. शहाणे शिक्षक हे बटण डोळे मिटून सापडेपर्यंत सराव करून घेतात. आणि परीक्षेत परीक्षक टॅबलेट बंद करायला लावून, खिडकीतून खाली बघत, घड्याळ आणि होकायंत्रावर वाट काढायला सांगू शकतो. न्यू मेक्सिकोच्या व्हाइट सँड्स भागात लष्कराच्या चाचण्यांमुळे जीपीएस बिघडू शकतं अशा सूचना वैमानिकांना येतच असतात, त्यामुळे ही जुनी विद्या नुसती परीक्षेपुरती नाही.

सुट्टीत घरी येणाऱ्या मुलांसाठी एक शेवटची गोष्ट. निर्जन भागावरून उडताना तिथे पुष्कळ जण गार्मिन इनरीचसारखं उपग्रहावरून संदेश पाठवणारं छोटं यंत्र बाळगतात. अमेरिकेत ते दुकानात सहज मिळतं. भारतात मात्र परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन किंवा असं यंत्र जवळ ठेवणं गुन्हा आहे. डिसेंबर २०२४ मध्ये गोवा विमानतळावर एका परदेशी प्रवाशाला याच यंत्रामुळे ताब्यात घेतलं गेलं होतं. साधा आयपॅड, फोन किंवा फक्त सिग्नल ऐकणारा जीपीएस वेगळा, आणि उपग्रहाकडे संदेश पाठवणारं यंत्र वेगळं. ते तिथल्या मित्राकडे ठेवून यायला सांगा.